बाबांची विजेवरची बोट
आमच्या बाबांची बोट विजेवर चालायची, असं शाळेत सांगितलं की पोरी फिदीफिदी हसायच्या. चूक माझीच, मी अर्धंच सांगायचे. मुंबईहून कोकणात प्रवासी नेणाऱ्या त्या जुन्या बोटीवर बाबा इलेक्ट्रिशियन होते. डिझेलची इंजिनं फक्त वीज तयार करायची आणि त्या विजेवरची मोटर बोटीच्या बुडाचा पंखा फिरवायची. बोट मागे घ्यायची तर इंजिन थांबवायलाही नको, नुसता प्रवाह उलटवायचा. बोट भंगारात गेली, तरी अंधेरीच्या आमच्या घरातून ती रोज सुटायची. तीच गोष्ट शंभरदा ऐकून आम्ही वैतागायचो.

करोनाच्या साली बाबांचं बोलणंच आटलं. घरात भाऊ, वहिनी, मी आणि बाबा. वहिनी इस्पितळात नर्स, म्हणून आम्ही घरातही मास्क लावून वावरत होतो. गोळी घेतली का विचारलं तर बाबा म्हणायचे, दार लावलंय. जेवायला हाक मारली तर जागचे हलायचे नाहीत. भाऊ म्हणाला, "डोकं फिरलंय त्यांचं." मलाही पटलं. खरं सांगायचं तर मी थकले होते, म्हणून लवकर पटलं.

एका दुपारी मी गॅलरीत गेले, काचेचं दार नीट ओढून घेतलं, मास्क काढला आणि कामावर गेलेल्या भावाला फोन लावला. "आपल्याच्याने नाही होणार रे आता. कर्जतकडचा तो वृद्धाश्रम बघून ये ना."

मास्क हातातच घेऊन आत आले, तर खुर्चीतून बाबा म्हणाले, "खंयचो आश्रम गो?"

मी वळून दाराकडे पाहिलं. बंद काचेतून धडधाकट कानांनाही काही ऐकू गेलं नसतं.

मग बाबांकडून सगळं बाहेर आलं. बोटीच्या तळाशी इंजिनांच्या धडधडाटात कुणाचंच कुणाला ऐकू यायचं नाही. माणसं एकमेकांचे ओठ बघून बोलायची. त्या आवाजात बाबांचे कान केव्हाच गेले होते. इतकी वर्षं ते आमचे ओठ वाचत होते आणि आम्हाला पत्ताच नव्हता. आम्ही तोंडं झाकली आणि ते एकटे पडले.

"सांगितलं का नाही, बाबा?" ओरडून काही उपयोग नव्हता, तरी मी ओरडले.

"बोटीवर एखाद्याचे कान गेल्याचं कळलं की त्याला उतरवायचे," ते म्हणाले. "म्हणून लपवायची सवय लागली. तुम्ही तर कळायच्या आधीच उतरवायला निघालात."

मला रडू फुटलं. भावाचा फोन वाजत होता, तो उचलला नाही. बाबांच्या समोर जमिनीवर बसले, तोंड पुसलं आणि एकेक शब्द सावकाश म्हटला, "नाही उतरवणार, बाबा."

ते माझ्या डोळ्यांकडे बघतच नव्हते. ओठांकडे बघत होते.

"परत सांग," म्हणाले.