मेघाला गाडी लागते

किन्हवलीच्या फाट्यापासून थोडं पुढं, मुरबाड रोडला आमचं गॅरेज. आमचं म्हणजे देवजी मिस्तरीचं, माझ्या नवऱ्याचं. माझं नाव बारकी. गॅरेजाच्या कडेला माझी चहाची टपरी. त्यामुळं तिथं काय चाललंय ते मला सगळं दिसतं आणि ऐकूपण येतं.

मिस्तरीची एक खोड. गाडी आली की बॉनेट उघडायच्या आधी मालकाला समोर उभं करणार आणि म्हणणार, "आवाज काढून दाखव." मग चांगले मिशीवाले बाप्ये रस्त्याकडेला उभे राहून खडखड, फुसफुस, टकटक करतात. एकदा सरपंचानं पण केलंय. चहा पिणारे हसून बेजार. पण मिस्तरी सांगेल तो पार्ट उघडावा, तर बिघाड तिथंच. तीस वर्षं त्या कानांवर घर चाललं, आणि त्याला त्यांचा गर्वपण तेवढाच.

हल्ली मात्र मला कळत होतं. बारीक, चिरका आवाज त्याला जाणवेना, बाकी सगळं ऐकायचा. श्रावणात एकदा ओट्यावर बसून म्हणाला, "औंदा रातकिडे कमीच हायत गो." बाहेर रातकिड्यांनी कान किटले होते. मी म्हटलं, "हो, कमीच." कशाला उगाच त्याचं मन मोडा, असं वाटलं.

दिवाळीनंतर रूपेश पिकअप घेऊन आला. जवळच्याच वाडीतला. भाजी भरून शहापूरला नेतो, आणि शेजारच्या सीटवर त्याची बायको मेघा. बाजारात विकायला तीच बसते.

"मामा, चढाला लागली की चिरकते."

"काढून दाखव."

रूपेशनं दात दाबून "चींऽऽ" केलं. मिस्तरी म्हणाला, "बेल्ट." बेल्ट बदलला, गाडी चालू केली, रेस दिली, कान लावला. "गेला आवाज."

गेला कुठला! मला टपरीवर ऐकू येत होता. रूपेशनं माझ्याकडं बघितलं. मिस्तरीला उलटं बोलायची त्याची छाती नाय, आणि चार लोकांत नवऱ्याचं नाक मी कापणार नाय. मी मान खाली घालून कप विसळत राहिले. गाडी गेली.

आठ दिवसांनी तीच पिकअप टपरीसमोर थांबली. मेघा उतरली ती माझ्या बाकड्यावर बसलीच. तोंड पांढरंफटक.

"मामी, आवळासुपारी हाय काय गो? मला आता गाडी लागाय लागलीय. डोकं गरगरतं, उलट्या व्हतात."

"एसटीत लागते?"

"नाय. याच गाडीत. माझ्याकडची काच लावली की जास्तच."

रूपेश म्हणाला, "काल चढावर झोपली ती उठंचना, मामी. तोंडावर पाणी मारलं तवा डोळे उघडले."

मी किटली खाली ठेवली. बंद शेडात इंजिन चालू ठेवून बसलेला माणूस धुरानं झोपतो आणि झोपेतच जातो, हे मला मिस्तरीनंच कधीतरी सांगितलेलं. आमी सगळे गाडी लागते, गाडी लागते म्हणत सुपारी शोधत होतो, आणि पोरीच्या छातीत धूर जात होता. मला माझाच राग आला.

"अवो," मी सगळ्यांसमोर म्हटलं, "त्या दिवशी आवाज गेला नव्हता. आजपण हाय. तुमाला तो ऐकू येत नाय. रातकिडेपण येत नायत."

मिस्तरीनं फडक्याला हात पुसले, परत पुसले. वाटलं, आता पाना फेकतो. तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"काढून दाखव."

मेघाला रिक्षात घालून दवाखान्यात धाडलं, आणि मी, पन्नाशीची बाई, पदर खोचून रस्त्यावर उभी राहिले. रूपेश रेस वाढवायचा, मी तसतशी चीं चढवायची. कोण हसलं नाय.

"रेस सोडली की?"

"बारीक फुसफुस राहते."

"बेल्ट नाय मग. धूर सुटतोय."

इंजिन गार होईस्तवर थांबला. मग धूर मागून निघू नये म्हणून रूपेशला सायलेन्सरच्या तोंडावर ओलं फडकं दाबायला लावलं, गाडी चालू केली, आणि इंजिनातून धुराचा पाइप निघतो त्या जोडावर माझ्या भांड्याच्या साबणाचं पाणी ओतलं. भराभरा बुडबुडे आले. आतलं पॅकिंग फाटलेलं, भोवती काजळी. तिथून धूर निघून मेघाच्या पायाखाली पत्र्यातलं भोक बुजवणारं रबर फाटलं होतं त्यातून वर यायचा. रूपेश आपला खिडकीबाहेर कोपर काढून गाडी हाकायचा, त्याला काय कळणार. मिस्तरीनं पॅकिंग आणि रबर दोन्ही नवं घातलं. "ऐक," मला म्हणाला. मी ऐकलं. आवाज नव्हता.

दुपारी मेघा दवाखान्यातून आली, तोंडावर जरा रंग आलेला. "माझी चूक झाली, पोरी," मिस्तरी म्हणाला. त्यातली अर्धी माझी होती.

दिवेलागणीला ओट्यावर बसलो. त्यानं विचारलं, "आता हायत काय गो रातकिडे?"

"हायत की. पुष्कळ."

"काढून दाखव."

मी त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि काढून दाखवला.