मुटिंटाच्या मक्याचं पहिलं कणीस

हायडेलबर्गला आमच्या खालच्या मजल्यावर मुटिंटा राहते. झांबियाची, टोंगा समाजातली. वृद्धाश्रमातली पहाटेची पाळी संपली की सायकलवरून थेट श्रेबरगार्टनला, म्हणजे गावाबाहेर भाड्याने घेतलेल्या बागेच्या तुकड्यावर. तिथे तिच्या पांढऱ्या मक्याच्या चार ओळी. इथल्या गोड पिवळ्या मक्याला ती धान्यच मानत नाही.

कणसं भरली की ती ल्विइंडी करते. नवं पीक आधी पूर्वजांना, मग माणसांना. तोवर एक दाणाही तोंडात टाकत नाही. २०१६ साली आम्हालाही आमंत्रण होतं. हिवाळ्यात तिची आई गेली होती. त्या वर्षी पहिल्यांदाच आईचं नाव पूर्वजांत घ्यायचं होतं.

आदल्या आठवड्यात तिला जादा पाळ्या लागल्या, म्हणून पाणी घालायला मी गेले. सोबत पुण्याहून आलेले सासरे. मी पाइप गुंडाळून येते तोवर बाबांनी शेजारच्या ग्रिलवर कणीस भाजून खायलाही घेतलं होतं.

"अहो बाबा, ते आधी दाखवायचं होतं."

"कुणाला?"

"तिच्या पूर्वजांना."

घरी नैवेद्याआधी कुणाला मोदकाकडे बघू न देणारा माणूस. हातातलं कणीस कुठे ठेवावं कळेना. "मग आधी सांगायचंस ना, यामिनी," एवढंच म्हणाले.

संध्याकाळी मी मुटिंटाला सांगितलं. ती रागावली नाही, जिन्यातच बसली. "आल्झो, म्हणजे आता आईला कुठल्या तोंडाने बोलावू?"

तिने गावी मामाला फोन लावला. मामांनी खाणाऱ्याचं वय विचारलं. बहात्तर, तिने सांगितलं. मग म्हणाले, ज्याने खाल्लं त्यानेच येऊन सांगावं.

रविवारी बाबा इस्त्रीचा सदरा घालून मक्यापुढे उभे राहिले. मागे जमलेल्या तिच्या गाववाल्या बायकांचे ढोल थांबले. जर्मन येईना, इंग्रजी आठवेना, शेवटी मराठीतच बोलले. "मी दिनकर. तुमच्या आधी मी खाल्लं. मला ठाऊक नव्हतं, पण विचारायला हवं होतं. पोरीचा काही दोष नाही. खूप राबते हो ती."

मी अर्थ सांगायला पुढे झाले, तर मुटिंटाने हातानेच थांबवलं. गुडघे टेकून तिने मक्याचं पेय मातीत ओतलं आणि आईचं नाव घेतलं. दुसऱ्यांदा घेतलं तेव्हा मागच्या बायकांनी ते उचललं, आणि मक्याच्या चारही ओळींभर तेच नाव ऐकू येत राहिलं.