आठ पावलांचा व्हरांडा

बाई विद्यापीठात आंतरसांस्कृतिक संवाद शिकवत, त्याला चोवीस वर्षं झाली. एवढ्या काळात हा विषय त्यांच्या आईच्या गळी उतरला नव्हता.

"म्हणजे बोलायला शिकवतेस?"

"तसं नाही गं. वेगवेगळ्या समाजांतली माणसं एकमेकांशी कशी बोलतात, त्यांची वर्तमानपत्रं, त्यांचा रेडिओ, याचा अभ्यास."

"आणि त्याचा पगार देतात?" आई भाजी निवडत म्हणे. "आमच्या मजल्यावर सहा घरं, सहा भाषा. आम्ही फुकटात भांडतो."

विभागात शिक्षक दोनच. बाई आणि समोरच्या खोलीतले सर. दोघांच्या दारांमध्ये आठ पावलांचा व्हरांडा होता आणि अकरा वर्षांचा अबोला. कारण अगदीच तात्त्विक. संवादावर दोघांनी मिळून लिहिलेल्या पुस्तकावर कुणाचं नाव आधी छापायचं? पुस्तक अर्थातच निघालं नाही.

तरी विभाग चालला, तो कारकून काकांमुळे. व्हरांड्याच्या मधोमध त्यांचं टेबल. बाईंनी "सांगा त्यांना" म्हटलं की काका चष्मा कपाळावर सरकवून उठत आणि थोड्या वेळाने उत्तर घेऊन येत. उत्तरं फार सौम्य असत. वयाबरोबर माणूस निवळतो, अशी बाईंनी सरांबद्दल समजूत करून घेतली होती.

गेल्या शुक्रवारी काका निवृत्त झाले. सोमवारी पत्र आलं: विभाग पत्रकारितेत विलीन करण्याचा विचार आहे. हरकत असल्यास दोन्ही शिक्षकांच्या सह्यांचं निवेदन आज चारपर्यंत द्यावं. विलीन म्हणजे बाईंचा विषय शनिवारी दुपारी, ऐच्छिक, आणि तोही कुणी घेतला तर. बाईंनी एकटाकी निवेदन लिहून काढलं. मग काकांना फोन लावला.

"काका, जरा याल का? एकच निरोप आहे."

"बाई, मी गच्चीत कुंड्यांना रंग देतोय. आठच पावलं आहेत. मी मोजलीत." आणि फोन बंद.

साडेतीनला बाईंनी समोरचं दार वाजवलं. सर चहात बिस्किट बुडवत होते. बाईंना पाहून हात तसाच राहिला आणि बिस्किटाचा निम्मा भाग कुणालाही न विचारता कपाच्या तळाशी गेला.

"या," सर म्हणाले. निवेदन वाचलं. "दुसरा परिच्छेद भोंगळ आहे."

बाईंना धक्काच बसला. "अकरा वर्षांत तुम्ही असं कधी बोलला नाहीत!"

"मी असंच बोलतो. तुमच्या गेल्या व्याख्यानाबद्दलही कळवलं होतं."

"हो, ऐकून विचारात पडलात म्हणून."

"झोप लागली म्हणून!" सरांनी कप बाजूला सारला. "आणि तुम्ही? माझ्या नव्या पुस्तकाचं प्रकरण वाचून जुने दिवस आठवले म्हणालात. मी ते डायरीत लिहून ठेवलंय."

"मी म्हटलं होतं, यात नवं काही नाही, आणि जुनं आहे ते माझं आहे."

दोघांनीही दारातून रिकाम्या टेबलाकडे पाहिलं. मध्यस्थ निरोपात स्वतःचं काही घालत नाही, हे बाईंनी चाळीस पानांच्या शोधनिबंधात सिद्ध केलं होतं. तो टाइप काकांनीच केला होता. एकही शब्द न बदलता.

चारला दहा मिनिटं होती. सह्यांच्या रेघा दोन, एकाखाली एक. पुन्हा तेच आलं.

"तुम्ही वर करा," बाई म्हणाल्या.

"म्हणजे आयुष्यभर ऐकवाल. तुम्हीच करा."

"मुळीच नाही."

शेवटी बाईंनी खालच्या रेघेवर सही ठोकली. सरांनी कागद ओढला आणि त्याच रेघेवर, उरलेल्या बोटभर जागेत, आपली सही कोंबली. मग दोघं जिना उतरून धावले.

कार्यालयातल्या खिडकीवरच्या मुलीने कागद उलटसुलट पाहिला. "ही वरची जागा कुणाची?"

"काकांची," दोघं एकदम म्हणाले.

तिने घड्याळाकडे पाहिलं, सुस्कारा टाकला आणि शिक्का मारला. दोन आठवड्यांनी कळलं, विलीनीकरण वर्षभर पुढे ढकललंय.

पण ते नंतर. त्या दिवशी व्हरांड्यात परत येताना सर म्हणाले, "दुसरा परिच्छेद मात्र भोंगळच आहे."

बाईंनी सवयीने टेबलाकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. मग त्यांनी स्वतःच उत्तर दिलं. ते साडेपाचपर्यंत चाललं.