भरलेली जीप आणि देवीपुढचा दिवा

माझी देवीवर श्रद्धा आहे असं मी चारचौघांत मोठ्या तोऱ्यात सांगत असे. खरं सांगायचं तर त्या पावसाळ्यात ती चांगलीच डळमळली होती, आणि त्याला कारण झाले माझ्या जुन्या जीपचे मागचे ब्रेकचे दिवे.

दाभोसा ते जव्हार मी प्रवासी जीप चालवायचो. गाडी माझ्याकडे आली तेव्हाच बरीच पळून थकलेली होती. डॅशबोर्डवर महालक्ष्मीची तसबीर होती आणि तिच्यापुढे एक छोटा लाल दिवा. बरेच जीपवाले करतात तसा मी तो दिवा ब्रेकच्या वायरीला जोडून घेतला होता. ब्रेक दाबला की देवीपुढे दिवा लागायचा. दर वळणावर आपोआप नमस्कार घडतो, याचं मला फार समाधान होतं.

एके दिवशी सकाळी उतारावर दुधाच्या किटल्या लावलेली मोटारसायकल मागून येऊन जीपवर आदळली. माणूस खरचटण्यावर निभावला, दूध मात्र सगळं रस्त्यावर. "तुमची लाईट लागलीच नाय," तो म्हणाला. मी त्याला तोंडावर खोटारडा म्हणालो. दिवा तर माझ्या डोळ्यांसमोर लागला होता! तरी मनात किडा वळवळत राहिला. जव्हारला सगळी माणसं उतरवली आणि गाडी वायरमनकडे नेली. त्याने मला पेडल दाबायला लावलं आणि मागे जाऊन पाहिलं. दोन्ही दिवे झकास लागत होते. मी खूश झालो. आठवड्याने एका टेम्पोवाल्याने पुढे येऊन तीच तक्रार केली, वर दोन शिव्याही दिल्या. मग मी बल्ब बदलले, फ्यूज बदलला, पेडलजवळचा स्विच साफ करून घेतला. वायरमनकडे गेलं की दिवे लागायचेच. शेवटी तो वैतागला. "भाऊ, गाडीला काय झालेलं नाय. तुमच्याच डोक्यात बसलंय."

आमची सुमन तेव्हा दहावीला होती. जव्हारच्या शाळेत ती माझ्याच जीपने जायची आणि अगदी मागे, दाराला लागून बसायची. तिच्यामागे फुटबोर्डवर चार-पाच जण लोंबकळत उभे असायचे. कोणी मागून धडकलं तर आधी ती माणसं आणि मग माझी लेक. मला जेवण गोड लागेना. तिला पुढे बसवायचं म्हटलं, तर पुढे आधीच माझ्यासकट चार जण असायचे. रोज निघताना मी देवीला सांगायचो, "दोष कुठे आहे ते मला कळू दे. काहीतरी खूण दे." पुढेपुढे तर मी तिच्यावर चिडायलाही लागलो. तुझ्यापुढचा लागतो, मग मागचा का नाही, असं सरळ विचारायचो.

एका सकाळी धुकं इतकं दाट होतं की बॉनेटपुढचं दिसत नव्हतं. वाटेतल्या एका वळणावर कांबळं पांघरलेला म्हातारा काठी आडवी धरून रस्त्याच्या मधोमध उभा होता. मी करकचून ब्रेक दाबला आणि खिडकीतून ओरडलो, "बाबा, मरायचंय का? जागा नाय!"

"मना नाय बसायचा," तो शांतपणे म्हणाला. "तुजं मागचं दिवं पेटत नाय. मानसा उतरव न दाबून बघ."

मी कुरकुरतच सगळ्यांना उतरवलं. पेडल दाबलं आणि सुमन मागून ओरडली, "बाबा, लागले!" माणसं पुन्हा फुटबोर्डवर चढली आणि दिवे गेले. म्हातारा खाली वाकला आणि काठीने दाखवू लागला. फुटबोर्डजवळ, जिथे मागच्या दिव्यांची अर्थिंगची तार पत्र्याला बोल्टाने आवळलेली असते, तिथे गंज चढला होता. माणसांच्या भाराने पत्रा खाली दबायचा आणि तार सुटायची; देवीपुढच्या दिव्याची अर्थिंग पुढेच होती, म्हणून तो मात्र लागायचा. रिकामी गाडी वायरमनकडे नेऊन हा दोष कोणाच्या बापाला सापडला असता? मी गंज खरवडून बोल्ट आवळला. गाडी भरली, तरी दिवे लागले. म्हाताऱ्याला घाईने हात जोडून मी निघालो.

पुढच्याच चढापलीकडे धुक्यातून गुरं आडवी आली. मी गाडी जागच्या जागी थांबवली. मागून एका ट्रकच्या ब्रेकचा लांबलचक आवाज आला. उतरून पाहिलं, तर फुटबोर्डवरच्या माणसांपासून ट्रक हातभर अंतरावर उभा होता. ड्रायव्हर म्हणाला, "दोन लाल ठिपके दिसले म्हणून दाबला." सुमन दप्तर छातीशी धरून बसली होती. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

दुपारी रिकामी जीप घेऊन परतताना मी त्या वळणावर थांबलो. म्हातारा कुठे अदृश्य वगैरे झाला नव्हता. रस्त्याला लागूनच असलेल्या आपल्या अंगणात टोपली विणत बसला होता. मी पाया पडलो आणि विचारलं, "बाबा, तुम्हाला कळलं कसं?"

"रोज बघतू ना. दुपारी रिकामी येतं तवा वलनावं दोनी दिवं लाल. सकालचा भरून जातं तवा आंधली." मग हसून म्हणाला, "तुला सांगाया रोज हात करत व्हतू. पन तू हात हलवून जायचास."

मला एकदम आठवलं. वळणावर रोज कोणीतरी हात वर करायचं. आणि मी, जीपवाल्यांच्या सवयीने, पंजा हलवून 'भरली आहे' अशी खूण करून पुढे जायचो. पुढे जाऊन देवीजवळ खूण मागायचो.

त्या अंगणात मी रडलो, हे लिहायला मला लाज वाटत नाही. पुढे देवीपुढच्या दिव्याला मी वेगळी वायर दिली. आता तो फक्त तिच्यासाठी लागतो, गाडीची साक्ष द्यायला नाही. मागचे दिवे मी रोज, गाडी भरल्यावर, कोणाला तरी उतरून बघायला लावतो. आणि रस्त्यात कोणी हात केला तर जीप कितीही भरलेली असो, मी थांबतो, काच खाली करतो आणि विचारतो, "काय म्हणता, बाबा?"