अण्णा पागनीसांचा मोडीतला कागद

शरच्चंद्र पागनीस यांच्याबद्दल लिहायला मी योग्य माणूस नाही. दोन वर्षं आम्ही एका खोलीत काम केलं, पण घरी गेल्यावर ते काय करत, कशावर हसत, मला ठाऊक नाही. जे ठाऊक आहे ते एका दुपारचं, आणि त्यात माझं वागणं बरं नव्हतं.

सगळे त्यांना अण्णा म्हणत. साल १९५८. नवा मध्य प्रदेश होऊन दोनच वर्षं झाली होती, आमचं उज्जैनचं विद्यापीठ त्याहूनही नवं. मी ग्रंथालयात कारकून, अण्णा संशोधनाच्या कामात सहायक. खेड्यातून आलेल्या मुलांना वसतिगृहात जागा मिळवून देणं, कुणी तापानं फणफणलं तर दवाखान्यात नेणं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. ते करत.

त्या वर्षी प्राध्यापकांनी गिरणी कामगारांच्या वस्तीची पाहणी काढली. अण्णा चार-पाच विद्यार्थी घेऊन घरोघर जात, कुणाची बोटं यंत्रात गेली, कुणाला खोकला आहे, लिहून आणत. नावं घालू नका, नुसते क्रमांक घाला, असं प्राध्यापकांनी बजावलं होतं. अण्णांना ते जमेना. त्यांच्या घरच्या पाच पिढ्या शिंद्यांच्या दफ्तरात लिहीत आलेल्या.

"बिननावाचा माणूस कागदावर घ्यायचा कसा रे प्रभाकर?" ते म्हणाले. "मी नावं मोडीत घालून ठेवतो. कोण वाचून राहिलंय इथं मोडी?"

जुन्या दफ्तरांची ती लिपी उज्जैनच्या कितीतरी मराठी घरांत कुणी ना कुणी वाचत होतं. मलाही आजोबांनी शिकवली होती. हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही, आणि मीही बोललो नाही.

मग गिरणीच्या आवारात एका ठेकेदारानं एका हमालाला सळईनं मारून टाकलं. तिघांनी पाहिलं. पोलिसांपुढे कुणी तोंड उघडेना, पण पाहणीच्या वेळी ते तिघं अण्णांपाशी बोलले. अण्णांनी तिघांची नावं एका वेगळ्या कागदावर मोडीत लिहून घेतली. अण्णा त्यांना वकिलाकडे नेणार होते. तिघांची नावं विद्यापीठाच्या बाबूकडे आहेत, एवढं ठेकेदाराच्या कानावर गेलं.

सोमवारी भर दुपारी चार माणसं आमच्या खोलीत आली. एकानं दाराला कडी घातली. दुसऱ्यानं अण्णांची पिशवी टेबलावर उपडी केली आणि तो कागद नेमका काढला.

"लो पंडितजी, अपनी जलेबी पढ़ो."

"चश्मा घर पे रह गया," अण्णा म्हणाले.

"नाक पे क्या है, मक्खी?"

त्यानं चष्मा काढून पायाखाली चिरडला. मग अण्णांचा उजवा हात टेबलाच्या खणात धरला आणि खणावर लाथ घातली. हाडांचा आवाज मला ऐकू आला. अण्णा ओरडले नाहीत, नुसते कण्हले. दुसऱ्या लाथेला खणाच्या कडेवरून रक्त गळायला लागलं.

"ये छोरा भी मराठी है," तिसरा म्हणाला आणि माझी मान धरली.

"उसको नहीं आता," अण्णा घाईनं म्हणाले. "आजकल के लड़कों को कौन सिखाता है?"

मी गप्प राहायचं, एवढंच होतं. माझं डोकं कपाटावर आपटलं, तोंडात रक्त आलं, दात हलला. पुन्हा आपटलं. तिसऱ्यांदा आपटायच्या आत मी वाचलं.

"भेरूलाल, वल्द नंदा."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मग डाव्या हातानं दौत ओढून त्यांनी सगळी शाई कागदावर ओतली. खालची दोन नावं गेली. त्यानंतर त्यांना जे मारलं ते मी डोळे मिटून घेतले म्हणून सांगू शकत नाही. आवाज फार वेळ येत होते.

भेरूलालला त्याच संध्याकाळी गिरणीच्या फाटकापाशी गाठलं. दोन्ही पाय कुऱ्हाडीच्या दांड्यानं मोडले, बरगड्या मोडल्या. चौथ्या दिवशी तो गेला. उरलेल्या दोघांनी साक्ष दिली, आणि ठेकेदाराला शिक्षा झाली.

पोलिसांनी विचारलं, नाव कुणी वाचलं? अण्णा म्हणाले, माझ्याच तोंडून गेलं. वस्तीत मग त्यांना कुणी दार उघडेना. भेरूलालची बायको रस्त्यात त्यांच्या अंगावर थुंकली, असं ऐकलं. मी सांगितलं नाही. रोज सांगायचं ठरवत होतो.

उजव्या हाताची तीन बोटं त्यांना पुढे कधी वळली नाहीत. वर्षभरानं त्यांनी नोकरी सोडली आणि ते बहिणीकडे ग्वाल्हेरला निघाले. त्या सकाळी मी देवास गेटच्या बस स्टँडवर गेलो, आज तरी सांगून टाकावं असा विचार करत. त्यांची ट्रंक वर चढवली.

"अण्णा, खिडकीशी बसा ना."

"नको रे, त्या बाजूला ऊन येईल."

"पाणी घेतलं?"

"घेतलं. तू निघ आता, ग्रंथालय उघडायचं असेल."

"हो," मी म्हणालो. "निघतो."