धर्मराजमामाची गाडी

दसरा जवळ आला की धर्मराजचं अंग आधीच दुखायला लागायचं. शिरूर कासारजवळच्या वस्तीवरची ऊसतोडीची टोळी, मुकादमाचा म्हातारा डिझेल ट्रक, आणि ड्रायव्हर म्हणा, मिस्त्री म्हणा, सगळं हाच. ऑइल बदलायचं, डिझेलचा फिल्टर बघायचा, हौद्यावर बांबूच्या कमानी रोवून ताडपत्री ओढायची. खाली बैलांना जागा, वर लेकराबाळांना फळ्यांचा माळा, मागं दोरखंडानं आवळलेला पाण्याचा ड्रम. त्या साली पावसानं साफ दगा दिलेला, म्हणून ड्रमही टँकरवरच भरला. निम्मं गाव चाकांवर चढवून सहकारी साखर कारखान्याला पोचवायचं, हे त्याचं काम. सहकार म्हणजे काय, असं कुणी विचारलं की तो म्हणायचा, "गाडी बंद पडली की समद्यांनी मिळून ढकलायची."

या वेळी माळ्यावर त्याची भाची शिवकन्याही चढली. बहीण बायनाबाईची थोरली, नववीत शिकणारी. आजवर ती शाळेसाठी आजीपाशी राहायची. उन्हाळ्यात आजी गेली. आता उसाच्या फडावर पोचल्याबरोबर टोळीतल्या बिभीषणच्या पोराशी तिचं लग्न लागणार होतं. ऊसतोडीत नवराबायकोच्या जोडीला कोयता म्हणतात आणि एकटा माणूस अर्धा कोयता, त्याला मुकादमाची उचलही निम्मीच. पोराला पुरा कोयता करायचा, एवढीच सगळी घाई.

"पोरीला धावी तरी करू दे," धर्मराज बहिणीला म्हणाला होता.

"अन् मागं हिला सांभाळील कोण, दादा?"

धर्मराज पुन्हा ताडपत्री ओढायला लागला होता.

घाटात रेडिएटर गळायला लागला. चाकांमागं दगड लावले, माणसं उतरली. धर्मराजनं बॉनेट उघडून पाहिलं. भेग बारीक होती. पाण्यात हळद कालवून ओतली की असली भेग धरते, हे त्याला पाठ होतं. पण त्याला वाटलं, बोलूच नये. गाडी इथंच राहू दे, मुकादम बोंबलू दे, लग्न बोंबलू दे. तो लई थकला होता. बैल जिभा काढून उभे होते, लेकरं रडत होती, ड्रम निम्म्यावर आला होता.

"हळद हाय का कुणाकडं?" शेवटी त्यानं विचारलं.

बायनाबाईनं गाठोडं सोडलं. "घे दादा. लग्नाची हाय, पण गाडी आधी."

इंजिन निवल्यावर त्यानं सगळी पुडी पाण्यात कालवून आत ओतली. गळती थांबली. शिवकन्या शेजारी येऊन उभी राहिली. तिचा चेहरा उजळला होता.

"मामा, हळदच संपली. मंग आता न्हाई ना व्हायचं?"

धर्मराज तेलकट हात पुसत राहिला. "तिकडं दुकानात मिळती, बाळा," तो म्हणाला, आणि त्याला स्वतःची शरम वाटली.

पोरगी गुमान माळ्यावर चढली. गाडी पहिल्याच सेल्फला सुरू झाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याला त्या आवाजाचा राग आला.

भाचीला बोहल्यावर मामानंच न्यायचं असतं. धर्मराजनं गिअर टाकला.