टाकीपासून चाळीस पावलं

समुद्राचं पाणी पेता येत नाई हे मले समुद्राजवळ राहाले गेल्यावर समजलं. कोणी सांगतलंच नवतं. आमचं गाव केळझरकडचं. पाणी म्हणजे इहीर, नाईतर नाला. नाल्याले पाणी असलं की माणसं पेत, ढोरं पेत. लग्न करून मी ह्यांच्यासंगं नेव्हीच्या तळावर गेली. दुसऱ्याच दिवशी नळ आला नाई, तं घागर घेतली अन समोरचंच भरून आणलं. त्यात डाळ टाकली. दोन घंटे चूल जाळली, डाळ शिजेच ना. हे कामावरून आले, एक घास घेतला अन बाहीर जाऊन थुंकले.

"काय टाकलं व ह्याच्यात?"

"डाळ टाकली. मीठ तं टाकलंच नाई अजून."

हे हसले तं हसतच राह्यले. मंग माह्या हाताले धरून किनाऱ्यावर नेलं. "इकडं पाय. तिकडं पाय. अन थे समोर पाय. तीन बाजूनं पाणी हाय, अन प्यायले घोटभर नाई. ध्यानात ठेवजो."

जमिनीचं एक लांब बोट समुद्रात गेलतं, त्याच्या नखावर तळ होता. करड्या रंगाची जहाजं येत, जात. फाटक होतं, फाटकावर बंदूकवाला होता, पास दाखवल्याबिगर माशी आत जात नसे. हे जहाजावरचे नवते. गोदामात मजूर होते, दोरखंड अन रंगाचे डबे वाहत. राहाले एक खोली भेटली होती. सकाळी बिगुल वाजे, थ्यावर मी चहा मांडो. प्यायचं पाणी एका उंच सिमेंटच्या टाकीतून येई. थे टाकी कुठूनबी दिसे. मी वाट चुकली की टाकी पाहो अन तिकडं चालो.

पयलं लेकरू तिथंच झालं. पोरगा. सव्वा वर्षाचा झाला. पाण्याले 'मम' म्हणे. दुसरं काही बोलता येत नसे, पण मम बरोबर म्हणे.

पावसाळा सरता सरता त्याले ताप भरला. दवाखान्यात नेलं, दवा देल्ली. पण आमच्याकडं तापाच्या लेकराले गार पाणी देत नाई, ताप आत जाते म्हणते. माह्या मायनं तसंच केलं होतं, तिच्या मायनंबी तसंच. थो मम, मम करे अन मी बोट भिजवून त्याच्या जिभेले लावो. लय झालं तं चमच्यानं एक घोट. डॉक्टरनं मले काही पाण्याचं सांगतलं असन तं हिंदीत सांगतलं असन, अन माह्या टाळक्यात शिरलं नाई. तिसऱ्या दिवशी थो गेला. मंग किती वर्षांनी माही पोरगी शाळेत शिकून आली अन मले म्हणाली, आई, तापात पाणी पाजाव लागते, भरपूर. मी म्हटलं, हो का. अन भांडे घासाले बसली.

आमच्याकडं लहान लेकराले जाळत नाई. नाल्याच्या काठी रेतीत गाडते. नाल्याले पूर आला तं पावसाळ्यात, एरवी रेती कोरडीच. ह्यांनी अन त्यांच्या संगच्या एका मजुरानं दुपारी समुद्राच्या रेतीत खड्डा केला. पाणी दूर गेलतं, रेती कोरडी ठण्ण होती. वरून दगडं ठेवली. आम्ही परत चाललो तं समोरून एक कोळीण टोपली घेऊन येत होती. तिनं ह्यांच्या हातातलं फावडं पाह्यलं, मांगं दगडं पाह्यली, अन टोपली खालीच टाकली.

"अगो बाय, हय नको! भरती येल, सगला नेल!"

आम्हाले भरती माईत नवती. आमचा नाला दिवसातून दोनदा येत-जात नाई. हे मांगं धावले. फावडं नाई वापरलं, हातानंच उकरलं. पाणी तवर निम्म्या रेतीवर आलतं. थे बाई माह्याजवळ उभी राह्यली, माह्या पाठीवर हात ठेवून. तिची मासोळी रेतीत पडली होती, तिनं उचलली नाई.

आता कुठी न्याव? फाटकावर एक मिशीवाला साहेब होता. ह्यांच्या हातातलं गाठोडं पाहून त्याले काही पुसाव लागलं नाई. म्हणाला, "अंदर ले जाओ. टंकी के पीछे, ऊपर ज़मीन है. किसी को बोलना मत." बस, तेवढंच. कागद नाई, शिक्का नाई. मी टाकीकडं पाठ केली अन समुद्राकडं पावलं मोजली. चाळीस भरली. मले शंभरापर्यंतच मोजता येत होतं, पण चाळिसात भागलं.

अखजीले, म्हणजे अक्षय तृतीयेले, आमच्याकडं पितरांच्या नावानं नवं मडकं पाण्यानं भरून ठेवते, वर कैरी ठेवते. सासूले पत्र धाडून पुसलं, लेकराचं मडकं भरू का? तिनं कळवलं, लहान लेकरू पितर होत नाई, त्याचं भरत नाई. तं मी मडकं नाई घेतलं. लोटा घेतला. पितर नसन, पण तहान तं असन. टाकीचं गोडं पाणी घेऊन गेली, चाळीस पावलं मोजली, सगळा लोटा ओतला. मंग दरसाल गेली. फाटकावरचे जवान बदलत, पण जुना नव्याले सांगून जाई. "अम्मा, फिर पानी?" म्हणत. मी म्हणो, "हाव बाप्पा, फिर."

पोरगी झाली, मोठी झाली. थेबी संगं येई, तिच्या हातात फुलपात्र देवो.

मंग एक दिवस बातमी आली, तळ हलून राह्यला. पयले जहाजं गेली, एकेक करून. गोदाम खाली झालं. शेवटी बिगुल बंद झाला. थ्या सकाळी मले जागच आली नाई. ह्यांना साहेबानं सांगतलं, दुसऱ्या तळावर चल नाईतर घरी बस. ह्यांची कंबर गेलती दोरखंडं वाहून. म्हणाले, चाल, गावाले जाऊ.

"अन थो?" मी म्हटलं.

"त्याले कुठी नेता येते आता?"

तं आलो गावाकडं. पण अखजीले दोघंबी रेल्वेनं जाऊ. गावच्या इहिरीचं पाणी बाटलीत भरून नेवो. थ्या वर्षांत तिथी कोणीच नवतं. फाटक उघडं, खोल्यांची दारं-खिडक्या लोकांनी काढून नेलेली, बकऱ्या चरून राह्यल्या. एक म्हातारा चौकीदार होता, थो खाटेवरून उठतबी नसे. मले वाटलं, आता हे आपलंच झालं. असंच राहीन.

एका साली गेलो तं डोंगर अर्धा कापलेला. त्याचे दगडं ट्रकनं आणून खाडीत टाकून राह्यले होते. कोळीण भेटली, केस पांढरे झालते तिचे. म्हणाली, "आता आमचे मासेमारीचे होरीला पन पास पायजेल. आमचीच होरी, आमचाच समुद्र, न पास त्यांचा." पुढच्या साली पत्र्याचं कंपाउंड लागलं. हे आत हापिसात गेले. तिथच्या बाबूनं पुसलं, कोणाच्या परवानगीनं गाडलं? हे म्हणाले, साहेबानं सांगतलं होतं. कोणत्या साहेबानं? नाव माईत नाई, मिशा होत्या त्याले. बाबू हसला नाई, पण पेन खाली ठेवला. म्हणाला, अर्ज द्या, नोंद असली तं पाहू. नोंद कायची? हे बाहीर आले अन कंपाउंडच्या पत्र्याले हात लावून उभे राह्यले. मी म्हटलं, "चाला, गाडी चुकन." थ्या साली पाणी पत्र्याच्या खालून सोडलं. बाहीरच्याच मातीत जिरलं.

दोन साल झाले, हे गेले. तवापासून मी गेली नवती, गुडघे चालत नाई. पण आमच्याकडच्या जाम गावच्या चौकात एसटीची वाट पाहत बसली की समोरून थे ट्रक जाते, मोठाल्या लोखंडी पेट्या लादून. लाल, निळ्या, हिरव्या. पोरगी म्हणाली, "आई, थ्या पेट्या तिकडूनच येते. आपल्या तळाची जागा आता मालाचं बंदर झाली." तवापासून कोणती पेटी दिसली की मले वाटे, ही त्याच्यावर ठेवली असन काय.

औंदा पोरीनंच म्हटलं, "एकदा जाऊन येऊ. मंग नको जाजो." सेलूले कापडाच्या दुकानात हाय थे, तिनं चार दिवसाची सुटी काढली. अखजीच्या दिवशी इहिरीच्या पाण्याची बाटली घेऊन आम्ही फाटकावर पोहोचलो. जुनं फाटक नाईच. आता रस्ता आठ गाड्यांएवढा रुंद, ट्रकांची रांग लागलेली, डांबर पायाले चटके देऊन राह्यलं. समुद्र दिसतच नवता. पेट्यांवर पेट्या, घरावर घर ठेवल्यासारख्या. अन मी टाकी पाहाले लागली. टाकी नवती.

शिपाई पोरसवदा नवता, चांगला पिकलेला माणूस होता. "कोणाकडे जायचंय, आजी?"

"लेकराकडं."

"कोणत्या खात्यात आहे? ड्रायव्हर की लेबर?"

पोरीनं त्याले बाजूले नेऊन सांगतलं. त्यानं टोपी काढली, परत घातली. फोन लावला, दोनदा लावला. मंग आला अन म्हणाला, "पायी कोणालाच सोडत नाहीत, आजी. वर क्रेन फिरते. माझी नोकरी जाईल. आणि टाकी मी तरी पाहिली नाही इथं." थो खोटं बोलत नवता. मले खाली बसाले खुर्ची देल्ली त्यानं. त्याच्यावर राग कायचा करू?

रांगेत एक ट्रक उभा होता. पोरगी एकदम म्हणाली, "आई, पाय, बत्तीस नंबर! आपल्या जिल्ह्याची गाडी." मी काठी टेकत गेली. ड्रायव्हर वरती बसून भाकर खाऊन राह्यला होता.

"कुठचे व तुम्ही?"

"जामचा. काऊन?"

"मी केळझरकडची."

"आँ! इतक्या दूर कायले आल्या माय, उन्हाच्या? केळझरचा गणपती तिकडंच सोडला अन इकडं समुद्राले भेटाले आल्या?"

मी त्याले सांगतलं. सगळं नाई, जेवढं लागते तेवढं. त्याची भाकर हातातच राह्यली. म्हणाला, "आणा बाटली. मी आत चाललोच हाय."

"टाकीकडं पाठ करजा," मी म्हटलं, "अन समुद्राकडं चाळीस पावलं. माही चाळीस बरं, तुमची तीस होतीन."

"आई," पोरगी हळूच म्हणाली, "टाकी नाई तं पाठ कोणाकडं करतीन थे?"

ड्रायव्हरनं तिच्याकडं पाह्यलं, माह्याकडं पाह्यलं, बाटली घेतली. ट्रक आत गेला. पेट्यांच्या मधात कुठी वळला थे दिसलं नाई.

तीन घंटे बसलो. शिपायानं आम्हाले त्याच्या बाटलीतलं पाणी देल्लं. पोरगी पेली. मी नाई पेली.

मंग थो ट्रक बाहीर आला. ड्रायव्हरनं रस्त्याच्या कडेले लावला, खाली उतरून माह्यासमोर उकिडवा बसला. खोटं बोलता आलं असतं त्याले. मी ओळखलं नसतं.

"माय, खाली उतरू नाई देल्लं. आत गाडीतून पाय काढला तं दंड लावते. जिथं गाडी थांबवली तिथं खिडकीतून ओतलं."

"खाली माती होती?"

"नाई. सिमेंट. सगळंच सिमेंट हाय आत."

"जिरलं नसन."

"नाई. वाळलं, उन्हानं."

बाटली त्यानं माह्या हातात देल्ली. हलकी लागली. टाकीच्या कोणत्या बाजूले गाडी थांबली होती हे त्याले पुसून काही फायदा नवता. तरीबी एक गोष्ट पुसाचीच होती.

"एकदम ओतलं, का घोट-घोट?"

त्याले समजलं नाई मी काऊन पुसून राह्यली थे. पण त्यानं सांगतलं, "एकदम, माय. बाटली उलटीच केली."

"बरं केलं," मी म्हटलं.